नवा खेळाडू तिसऱ्या रविवारीही यावा म्हणून

रग्बीत हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागे, नाहीतर स्वतः घेऊन पळायचं. आणि पळताना कोणी धरून पाडलं की चेंडू लगेच सोडावा लागतो. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू आहे त्याची माणसं त्याच्या पाठीमागे असतात, त्याला दिसतही नाहीत. तो पडला की चेंडू राखायला त्यांच्यापैकी कोणीतरी तिथे पोचावंच लागतं. रग्बी खेळणारे आपल्या टीमबद्दल घरच्यांसारखं बोलतात, त्याचं मूळ या दोन नियमांत आहे. पडल्यापडल्या वर बघावं आणि आपल्याच जर्सीतला कोणीतरी आपल्यावर पाय रोवून उभा दिसावा, हे एकदा अनुभवलं की माणूस खेळ सहसा सोडत नाही.

अडचण अशी की ते अनुभवायच्या आधीच नवे लोक गळतात. पहिल्या रविवारी नव्याला विंगला, म्हणजे अगदी कडेला उभं केलं जातं आणि तासभर त्याच्याकडे चेंडू येत नाही. दुसऱ्या रविवारी काही न शिकवता त्याला टॅकलच्या, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडण्याच्या, रांगेत ढकलतात. तिसऱ्या रविवारी तो येत नाही, आणि मग "त्याला आवडच नव्हती" असं म्हणून विषय संपतो. आवड असते. त्याला करायला काम नसतं आणि त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. ठाणे किंवा नवी मुंबईत छोटी हौशी टीम चालवणाऱ्यांनी, किंवा नव्याने उभी करू पाहणाऱ्यांनी या दोन गोष्टींची सोय कशी करायची, ते पुढे सांगितलं आहे.

आदल्या दिवशीचा मेसेज

नुसतं "उद्या सकाळी ये" पुरत नाही. मैदानाचं कोणतं गेट, स्टेशनच्या कोणत्या बाजूने बाहेर पडायचं, तिथून चालत किती मिनिटं आणि गेटवर कोण भेटेल, हे चार ओळींत लिहून पाठवा. गेटवर खरोखर कोणीतरी उभं असलं पाहिजे. अनोळखी वीस जणांकडे एकट्याने चालत जाणं हे नव्यासाठी टॅकलपेक्षा अवघड असतं.

वेळ ठरवताना लोकलचा विचार करा. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, पनवेल असे खेळाडू ट्रान्सहार्बरने एकत्र येऊ शकतात, हे आपल्या भागाचं मोठं बळ आहे. पण रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, असतो आणि तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो. साडेसहाला सुरुवात, आठला शेवट, नऊपर्यंत खाणं, असं बसवलं की पनवेलचा मुलगाही वेळेत घरी पोचतो. पहिल्याच दिवशी तो दुपारी दोनला घरी पोचला, तर पुढच्या रविवारी त्याला घरातूनच अडवतील.

काय आणायचं तेही लिहा: एक लिटर पाणी, टॉवेल, बदलायला टी-शर्ट. बूट घेऊन यायची सक्ती करू नका. रबरी स्टडचे, म्हणजे तळाला बोंडं असलेले, फुटबॉलचे बूट चालतात, क्रिकेटचे स्पाइक्स चालत नाहीत. पंजाच्या टोकाला एकच स्टड असलेला बूटही नियमाने बाद आहे. टीममधल्यांना लहान झालेले, न वापरलेले बूट एका गोणीत ठेवा आणि प्रत्येक जोडीवर मार्करने नंबर लिहा. गोणी सगळ्यांसमोर उघडायची नाही. गेटवर भेटणाऱ्याने हळूच पायाचा नंबर विचारून जोडी काढून द्यायची.

अंगठी, कडं, चेन, कानातलं खेळताना चालत नाही. नखं कापलेली हवीत. मंगळसूत्र किंवा गळ्यातला ताईत काढायला कोणी कचरत असेल तर जबरदस्ती नको. ती व्यक्ती त्या दिवशी पासिंग करेल. जे काढतील त्यांच्यासाठी झाकणाची डबी ठेवा, आणि ती एकाच विश्वासू माणसाच्या ताब्यात असू द्या.

नाव

सुरुवातीला गोल करा. आठ-दहा जणांचा गोल, दोघांत साधारण पाच मीटर अंतर, एक चेंडू. पास देणारा आधी घेणाऱ्याचं नाव घेतो, मग चेंडू सोडतो. पाच मिनिटांनी उलटं करायचं: ज्याला चेंडू हवा त्याने देणाऱ्याला नावाने हाक मारायची. नाव विसरलं तर पुन्हा विचारायचं, त्यात लाज नाही. दहा मिनिटांत नव्याचं नाव तीसेक वेळा मैदानावर ऐकू येतं आणि त्यालाही निम्मी टीम नावाने कळते.

फक्त नाव विचारायचं, आडनाव नाही. आपल्याकडे आडनाव विचारण्यामागे बहुतेकदा काय विचारायचं असतं ते विचारणाऱ्यालाही कळतं आणि सांगणाऱ्यालाही. नोंदवहीत भरण्यापुरतं ते एकाला ठाऊक असलं की झालं. टोपणनावं पडतील ती पडोत, पण रंग, वजन, उंची, गाव यांवरून पडलेलं नाव कप्तानाने त्याच दिवशी थांबवायचं. तोंडावर हसून घेणारा मुलगा ते नाव घरी घेऊन जातो.

लहान मुलं मोठ्यांना दादा-ताई म्हणतात ते तसंच राहू द्या. चालू खेळात मात्र सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. "दादा, इकडे पास" असं म्हणेपर्यंत बचाव करणारा पोचलेला असतो, आणि मैदानावर सहा दादा असतात.

हाका मराठीतच ठेवा. इंग्रजी हाकांनी खेळ "मोठा" वाटत असेल, पण कळव्याचा नववीतला मुलगा त्यांचा अर्थ लावत बसतो. पाच पुरतात: "आलो" म्हणजे मी तुझ्या मागे आहे, "माझा" म्हणजे हवेतला चेंडू मी घेतोय, "वर चला" म्हणजे बचावाची रांग एकसाथ पुढे, आणि "डावा", "उजवा". यातली "आलो" सर्वांत महत्त्वाची. ती प्रत्येकाने प्रत्येक वेळी द्यायची, चेंडू मिळणार नसला तरी.

पहिला तास

वॉर्मअपला पंधरा मिनिटं द्या आणि त्यात काटछाट करू नका. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा "अ‍ॅक्टिव्हेट" नावाचा व्यायामक्रम मोफत मिळतो. तो दुखापती कमी व्हाव्यात म्हणूनच बांधला आहे आणि त्यात मानेचे व्यायामही आहेत. नव्याला जुन्याच्या जोडीला द्या, दोन नव्यांची जोडी लावू नका.

मोठ्यांसाठी चेंडू पाच नंबरचा. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना चार नंबर, त्याहून लहानांना तीन. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय. सुई ओली करूनच घाला, कोरडी घातली की वॉल्व्ह फाटतो आणि चेंडू दर आठवड्याला बसायला लागतो. तीन-चार जणांमागे एक चेंडू हवा. बारा जणांत एकच चेंडू असेल तर नव्याचा वेळ रांगेत उभं राहण्यातच जाईल.

पास शिकवताना आधी घेणं शिकवा. हात छातीसमोर, पासाच्या दिशेने पुढे, दहाही बोटं उघडी. चेंडू अंगावर येऊ द्यायचा नाही, हात पुढे करून लवकर पकडायचा. देताना दोन्ही हातांनी चेंडू अंगासमोरून आडवा न्यायचा आणि शेवटी बोटं घेणाऱ्याच्या हातांकडे रोखलेली राहिली पाहिजेत. नव्याचा पास उंच जातो, कारण त्याचे हात खांद्याच्या दिशेने वर संपतात. पास घेणाऱ्याच्या मागे पडतो, तेव्हा चूक बहुतेकदा देणाऱ्याची नसून घेणाऱ्याची असते. तो आधीच पळत सुटलेला असतो. त्याला तीन मीटर मागे उभं करा आणि चेंडू आधीच्या माणसाच्या हातात पडल्यावरच निघायला सांगा. "खोल उभा राहा" हे वाक्य पहिल्या महिन्यात शंभर वेळा बोलावं लागतं.

मग लगेच खेळ. टच रग्बी खेळा: टॅकलऐवजी हात लागला की चेंडू जमिनीवर ठेवून मागच्याला द्यायचा, सहा स्पर्श झाले की चेंडू समोरच्यांचा. काही जण नियम लावतात की ट्रायच्या, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवण्याच्या, आधी प्रत्येकाला पास मिळालाच पाहिजे. हेतू चांगला असला तरी हा नियम नको. त्याने नव्याला दयेचे पास मिळतात आणि ते त्याला कळतात. त्यापेक्षा मैदान लहान करा. तीस बाय वीस मीटरमध्ये चार विरुद्ध चार खेळले की चेंडू कोणाला टाळूच शकत नाही. मुलं-मुली एकत्र खेळवायलाही टच उत्तम. टॅकलचे सराव मात्र मुलींचे मुलींशीच, आणि मुलांमध्येही वय नि वजन बघून जोड्या.

कबड्डी खेळलेला आला तर

आगरी-कोळी गावठाणांत, ठाण्याच्या चाळींत कबड्डी अजून जिवंत आहे, आणि रग्बीला यासारखी तयार माणसं दुसरीकडून मिळत नाहीत. गुडघे वाकवून बसलेलं शरीर, पायांवरची नजर, दोन जीवघेण्या सेकंदांत पकड करायची हिंमत, हे सगळं तयारच येतं. त्याला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मांडीची पकड दाखवायला सांगा. आल्याआल्या काहीतरी शिकवायला मिळालं की नवा माणूस नवा राहत नाही.

त्याच्या तीन सवयी मात्र मोडाव्या लागतात. एक, घोट्याकडे डोकं खाली घालून झेप घेणं. मातीवर किंवा मॅटवर सावकाश येणाऱ्या चढाईपटूसमोर ती चालते, पूर्ण वेगाने धावणाऱ्याच्या गुडघ्यासमोर नाही. दोन, पकड केल्यावर धरून ठेवणं. कबड्डीत सोडलं की गुण गेला, रग्बीत जमिनीवर पडल्यावर धरून ठेवलं की पेनल्टी. "सोड आणि उठ" हे त्याच्या अंगात बसायला महिना जातो, तोवर रागावू नका. तीन, साखळी. हातात हात अडकवून बचाव करायची सवय असल्याने तो शेजाऱ्याला चिकटून उभा राहतो आणि कडेला मोठी मोकळी जागा तयार होते. शेजाऱ्यापासून तीन-चार पावलांवर उभं करा.

टॅकल

इथे घाई केली तर माणूस जातो, कधी टीममधून, कधी हॉस्पिटलात. आधी पडायला शिकवा. चेंडू छातीशी दोन्ही हातांत, हनुवटी छातीला, मग आधी खुबा आणि नंतर खांदा जमिनीला. तोल सावरायला हात टेकला की मनगट किंवा गळ्याचं हाड जातं, म्हणून चेंडू न सोडण्याची सवय हीच सुरक्षितता. पडल्यावर अंग लांब करून चेंडू हातभर आपल्या लोकांकडे ठेवायचा.

मग टॅकल, चार पायऱ्यांत, आणि प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण सराव.

१. दोघेही गुडघ्यांवर. फक्त खांदा कुठे लागतो आणि डोकं कुठे राहतं ते बघायचं.
२. टॅकल करणारा गुडघ्यावर, चेंडूवाला चालत.
३. दोघे उभे, चालत.
४. हलक्या धावेत, पाच मीटरच्या आत.

डोकं कुठे, हा सगळ्यात मोठा प्रश्न. तुमच्या उजवीकडे पळणाऱ्याला उजवा खांदा लावायचा. मग तुमचं डोकं आपोआप त्याच्या पाठीमागे जातं. डावा खांदा लावलात तर डोकं त्याच्या पुढ्यात येतं आणि त्याचा गुडघा किंवा खुबा कानशिलावर बसतो. डोक्याच्या दुखापती जास्त करून टॅकलमध्येच होतात, आणि त्यातही टॅकल करणाऱ्यालाच जास्त होतात. ज्या बाजूचा खांदा, त्याच बाजूचा पाय जवळ रोवायचा. पाय लांब राहिला की माणूस कमरेतून वाकतो, नजर जमिनीकडे जाते आणि तो हवेत झेपावतो. नजर समोरच्याच्या चड्डीवर, पाठ सरळ, दोन्ही हातांनी मिठी घट्ट, पाय चालते. नियमाने खांद्याच्या वर टॅकल चालत नाही. सरावात तुम्ही कमरेच्या वर चालू देऊ नका.

माउथगार्डशिवाय यातलं काहीही नाही, पहिली पायरीसुद्धा नाही. गरम पाण्यात मऊ करून बसवायचं साधं माउथगार्ड पुरतं. पाकिटावर लिहिलेले सेकंद मोजा, चावा, ओठ मिटून आत ओढून घ्या, गालावरून बोटांनी दाबा आणि थंड पाण्यात बुडवा. तोंड उघडल्यावर ते वरच्या दातांवरच राहिलं पाहिजे आणि ते घालून "आलो" म्हणता आलं पाहिजे. सैल झालं तर पुन्हा बसवा. उन्हात तापलेल्या बॅगेत राहिलं किंवा गरम पाण्याने धुतलं की वाकडं होतं. चष्मा घालून टॅकल नाही.

दुसरा माणूस

आता मुख्य गोष्ट. नव्याला पहिल्या महिन्यात एकच काम द्या: जो पडेल त्याच्यापाशी पहिल्यांदा पोचायचं. पास चुकला, दिशा चुकली, नियम विसरला, सगळं माफ. पोचणं तेवढं चुकवायचं नाही.

हे काम कौशल्यावर नाही, मनावर चालतं, म्हणून ते पहिल्या आठवड्यापासून जमतं. शिकवायला तिघे पुरतात. पहिला चेंडू घेऊन जातो आणि पडतो. दुसरा "आलो" म्हणत पोचतो. तो कडेने घुसत नाही, थेट मागून येतो, पडलेल्याच्या वर एक पाऊल पुढे टाकून कमरेतून खाली बसतो आणि स्वतः न पडता उभा राहतो. तिसरा चेंडू उचलून पळतो. मग क्रम बदलायचा. दुसरा कोलमडतो, कारण तो पाय जवळ ठेवून वाकतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद हवेत आणि खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. गुडघे टेकले की तो खेळातून बाद झाल्यासारखाच, उठेपर्यंत चेंडूला हात लावता येत नाही.

हे मोजा. दुखापतीमुळे कडेला बसलेल्याच्या हातात वही द्या आणि कोण किती वेळा पहिला पोचला याच्या रेघा ओढायला सांगा. पाणी पिताना आकडा मोठ्याने वाचायचा, ट्रायचा आकडा नाही. सात वेळा पोचलेला पोरगा बाटली तोंडाला लावून खाली बघत हसतो, कारण ज्याला त्याने वाचवलं तो टीमचा सर्वांत वेगवान खेळाडू समोर उभा असतो. पडलेल्याने उठताना नाव घेऊन "थँक यू" म्हणायचं, ही सवय कप्तानाने स्वतः लावून घ्यायची, मग बाकीचे घेतात.

जागा ठरवण्याची घाई नको. पंधरा जणांच्या रग्बीत जाड, बुटका, लंबू, काटकुळा, सगळ्यांना जागा आहे, हे खरं आहे आणि ते नव्याला सांगावंही. पण आपल्याकडे बहुतेक खेळ सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांचा होतो. सेव्हन्समध्ये जाड मुलाला "तू प्रॉप", म्हणजे रेटारेटीतला पुढच्या रांगेतला गडी, म्हणून विषय संपवू नका, त्यालाही पास आणि पळणं शिकवा. स्क्रमला, म्हणजे दोन्ही बाजू खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्याला, प्रशिक्षित कोच नसेल तर ढकलाढकली न करता नुसती रचना करा. मानेशी खेळ नको. कोच होऊ इच्छिणाऱ्याला वर्ल्ड रग्बीचे "रग्बी रेडी" आणि डोक्याच्या दुखापतीवरचे ऑनलाइन कोर्स मोफत करता येतात. टीममधल्या निदान दोघांनी ते केलेले असावेत.

मैदान

महापालिकेचं किंवा सिडकोचं मैदान असेल तर लेखी अर्ज करा, आणि तरीही रविवारी सकाळी तिथे टेनिस बॉल क्रिकेटच्या चार मॅच चालू असतील हे धरून चाला. त्यांच्याशी भांडून मैदान मिळत नाही. कडेचा तीस बाय पन्नास मीटरचा पट्टा मागा, तुमच्या सरावाला तो पुरतो. आणि स्टडचे बूट घालून कोणाच्याही पिचवरून चालायचं नाही, पाणी प्यायला जातानाही नाही. एक पाऊल उमटलं की महिन्याभराची ओळख जाते.

खेळण्याआधी सगळ्यांनी हातभर अंतराने रांग धरून पट्टा चालून जायचा. नवरात्र, लग्न, सभा झाल्यावर मांडवाचे खिळे आणि बांबूचे खड्डे राहतात. काचा, खडी, कुत्र्याची घाण वेगळीच. हे काम कप्तानापासून सगळ्यांचं. ते नव्यांकडे सोपवलं की त्याला शिक्षेचं रूप येतं.

पावसात रग्बी सुंदर खेळता येते, चिखलात पडायला भीतीही कमी वाटते. पण साचलेल्या डबक्यात नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टो हा तापाचा आजार पसरतो आणि खरचटलेल्या कातडीतून शिरतो. जखम असेल तर त्या दिवशी कडेला. खेळून झाल्यावर लगेच साबणाने धुवायचं. पुढच्या महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना डबक्याचं आवर्जून सांगायचं. तासाने मिळणाऱ्या जाळीबंद टर्फवर टच आणि पासिंग करा, टॅकल नको. कातडी सोलते, आणि जाळीचे खांब फार जवळ असतात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दर पंधरा मिनिटांनी पाण्याची सुट्टी, आणि ओआरएसची पाकिटं बॅगेत कायम.

मुलींसाठी कपडे बदलायला जागा आहे का, हे आधी बघून ठेवा. नसेल तर तसं मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे त्या खेळाचे कपडे घालूनच निघतील. स्टेशनपर्यंत जाताना कोणी एकटी पडू नये, हे दर वेळी बघणारी एक ठरलेली व्यक्ती हवी.

डोक्याला लागलं तर

धडकेनंतर डोकं धरणं, तोल जाणं, प्रश्नाला उशिरा उत्तर, उजेड सहन न होणं, मळमळ, नुसतं "कसंतरीच होतंय" म्हणणं, यातलं एक जरी दिसलं तरी तो खेळाडू बाहेर. त्या दिवशी परत आत नाही, अंतिम सामना असला तरी. शंका आहे म्हणजे दुखापत आहे, असंच धरायचं. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर हलवायचं नाही. तसं असेल, किंवा उलट्या होत असतील, शुद्ध हरपली असेल, तर 108 ला फोन.

घरी एकट्याने पाठवायचं नाही. लोकलच्या दारात तर नाहीच आणि बाइकवर तर मुळीच नाही. सोबत एक जण घरापर्यंत जाईल आणि घरच्यांना सांगेल की पुढचे चोवीस तास त्याला एकटं ठेवू नका. डॉक्टरांना दाखवायचं. हौशी खेळाडूला सामन्यात परतायला किमान 21 दिवस लागतात, तेही लक्षणं गेल्यावर हळूहळू चढत्या सरावाने.

या 21 दिवसांत टीम त्याला हरवते. खेळत नाही म्हणून तो येत नाही, येत नाही म्हणून विसरला जातो. म्हणून काम द्या: रेघांची वही, शिट्टी, घड्याळ. आणि "एवढ्याने काय होतं", "मर्द गडी आहेस" ही वाक्यं मैदानावरून कायमची हद्दपार करा. ज्या टीममध्ये लागलंय हे लपवावं लागतं, तिथे कोणी आपलं नसतं.

खाणं आणि पैसा

खेळ संपला की दोन्ही बाजूंनी रांगा करायच्या, हात मिळवायचे, समोरच्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ द्यायचं. ही रग्बीची जुनी रीत आहे आणि सरावातही पाळावी. त्यानंतरचं एकत्र खाणं म्हणजे खेळाचा तिसरा भाग. ठाण्यात असाल तर मामलेदारची मिसळ आहेच, पण दर रविवारी तिथे नको. टपरीवरचा वडापाव-चहा हाच नेम ठेवा, कारण ज्याला प्लेट परवडत नाही तो "घरी काम आहे" म्हणून निघतो आणि कोणाला कळतही नाही. वर्गणी ठरलेली असावी आणि कोण देऊ शकत नाही हे एकट्या खजिनदारालाच माहीत असावं. रोजा, उपास, शाकाहार यांचं भान ठेवा. रग्बीसोबत काही ठिकाणी दारूची परंपरा आली आहे. ज्यांना पुढे प्यायचं ते पुढे जातील, पण टीमचा कार्यक्रम चहापाशीच संपला पाहिजे. नाहीतर सतरा वर्षांचा मुलगा, न पिणारे आणि बहुतेक मुली यांची टीम वेगळीच राहते.

आईवडिलांना एकदा टचच्या सरावाला बोलवा. दात, डोकं, अभ्यास हे त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. माउथगार्ड हातात द्या, 21 दिवसांचा नियम सांगा, घरी पोचायची वेळ सांगा आणि ती पाळा.

पहिली मॅच

सेव्हन्सची मॅच सात-सात मिनिटांचे दोन भाग, मध्ये दोन मिनिटं. बारा जणांच्या चमूत नव्याला घेतलंत तर तो किती मिनिटं खेळेल ते शुक्रवारीच सांगा. "बघू" म्हणू नका. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला उतरवणं सगळ्यात बरं. शेवटच्या मिनिटाला, हरलेल्या मॅचमध्ये उतरवलं तर ते उपकार वाटतात. ज्याला वगळलं त्याला ग्रुपवरच्या यादीतून कळू देऊ नका, फोन करा. रेफ्रीशी फक्त कप्तान बोलतो, तोही "सर" किंवा "मॅडम" म्हणून. हे नव्याला आधी सांगितलं नाही तर क्रिकेटच्या सवयीने तो अपील करायला जाईल आणि आपलीच माणसं त्याला ओरडतील.

जर्सी ट्रॉफीसारखी जपून ठेवू नका. चौथ्या सरावाला आला की द्या. त्याआधी, दुसऱ्या रविवारी, पंप आणि हवा मोजायचा गेज त्याच्या बॅगेत ठेवा. वजन काहीच नाही, पण ज्याच्याकडे पंप आहे त्याला यावंच लागतं, आणि आल्यावर सगळे त्याचीच वाट बघत असतात. पाण्याचे कॅन मात्र जुन्यांनी उचलायचे.

तरीही तिसऱ्या रविवारी तो आला नाही, तर त्याच दिवशी दुपारी फोन करा. कप्तानाने नाही, सरावात त्याच्या जोडीला जो होता त्याने. "का आला नाहीस" हा प्रश्न विचारायचा नाही. आज कोण कोण होतं, कोण पडलं, कोण उशिरा पोचलं ते सांगायचं, आणि पुढच्या रविवारी आपण किती वाजताच्या लोकलने, कुठल्या डब्यात असू तेवढं सांगून फोन ठेवायचा.